भेगेतली काडी

सगळ्यात रुंद जागी भेग दोन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर होती. जिन्याच्या कमानदार खिडकीच्या उजव्या अंगाला, खालून मोजत गेलं तर विटांच्या सोळाव्या थरात. तिथून वर जाताना तिनं एकही वीट फोडली नव्हती. दोन विटांमधल्या चुन्यातून ती एक आडवं, एक उभं पाऊल टाकत चढत गेली होती. शेजारच्या जिन्याकडे बघून शिकल्यासारखी.

ताईनं भेगेची रुंदी मोजायच्या गेजचं पोलादी पातं अलगद बाहेर काढलं, पुसलं आणि वहीत आकडा लिहिला. वर मागच्या वर्षीचा आकडा होता, त्याच्या वर त्याआधीचा. बावीस ओळी, सगळीकडे दोन पूर्णांक एक. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या बाईला असा रकाना बघून खरं तर समाधान वाटायला हवं. आज तिनं वही जरा जोरातच मिटली.

सकाळचे सात वाजले होते. मंडळी दहापर्यंत यायची. गेजचा कार्यक्रम त्याआधी उरकून घ्यायचा हा तिचा शिरस्ता होता, कारण या घरात गेजला काडीइतकीही किंमत नव्हती. किंमत होती ती फक्त काडीला.

त्याचं असं झालं होतं. परसातलं जुनं झाड तोडल्यावर जमीन हलली आणि ही भेग पडली. तेव्हापासून जेवायला बसलं की घर विकायचं की ठेवायचं यावर वाद. एक दिवस बाबांनी ताट बाजूला सारलं, खिशातली काडेपेटी काढली, एक काडी भेगेशी धरली. ती आत गेली नाही. "ज्या दिवशी ही काडी आत जाईल त्या दिवशी घर सोडायचं," ते म्हणाले, "तोवर या विषयावर तोंड उघडायचं नाही. वर्षातून एकदा तपासा, आणि मला सुखानं जेवू द्या." त्याच वर्षी बाबा गेले. त्यांची अर्धी संपलेली पेटी त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे आली. दारावरच्या भाजक्या मातीच्या पाटीवर पणजोबांनी घर पुरं झाल्याची तारीख कोरली आहे. दर वर्षी त्या तारखेला सगळ्यांनी जमायचं, काकांनी काडी लावायची, ती आत जायची नाही, मग केक कापायचा. बावीस वर्षं हेच चालत आलं होतं.

ताईनं घराच्या सदतीस खिडक्यांपैकी पहिली, जिन्याची, वर सरकवली. भिंतीच्या पोटात लपलेलं वजन दोरीला लटकत खाली गेलं आणि तळाशी टेकल्याचा ठक्क आवाज आला. डोळे मिटूनही कुठल्या खिडकीचा ठक्क कुठला हे ती सांगू शकली असती. हेच तर दुखणं होतं. गेली बावीस वर्षं ती या घराचे आवाज ऐकत होती, आणि आताशा तिला वाटायचं, ज्यात ऐकण्यासारखं काहीच नाही असं एखादं घर असावं.

तसं घर तिला सापडलंही होतं. प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीच्या इमारतीत, तिच्या वरच्याच मजल्यावर. दोन खोल्या, तीन खिडक्या, लिफ्ट. समोर तळं. पांढऱ्या सपाट भिंती, त्यांत मोजण्यासारखं काही म्हणून नाही. ती चार वेळा जाऊन बघून आली होती, आणि चारही वेळा घरी भाजीला गेले होते असं सांगितलं होतं. घरात सांगायचं तरी कुणाला म्हणा, पण सवय. मैत्रीण काल फोनवर म्हणाली होती, "रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांग. मालकीण आता थांबत नाही. तीन वर्षं तू नुसती मोजतेयस!"

आज रविवार होता.

एका वाक्याचं तर काम होतं. पण हे वाक्य म्हणायचं कुणासमोर? घर राहावं म्हणून जिनं छत दुरुस्तीच्या वेळी सगळ्यांशी भांडण केलं, सरकारच्या वारसा यादीत नाव लागावं म्हणून जिनं अकरा अर्ज लिहिले, तीच आता म्हणणार, मला इथं राहायचं नाही? तिनं दुसरी खिडकी उघडली.

*

सगळ्यांत आधी काका आले. ब्याऐंशी वर्षांचे, ताठ, गळ्यात लाल मफलर. आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवल्यामुळे ते साधं "पाणी दे" म्हणाले तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं.

"काय म्हणतेय आमची इमारत?" दारातूनच त्यांनी ललकारी दिली. "उभी आहे ना?"

"तुमच्या आवाजानं पडली नाही म्हणजे आहे," ताई म्हणाली.

मागोमाग ताईचा धाकटा भाऊ आला. तो दंतवैद्य. त्याला घरात सगळे डॉक्टरच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. बायको मुख्याध्यापिका, त्यामुळे ती बाई. आणि त्यांची मुलगी खडू. लहानपणी ही पोर भिंतीचा चुना चाटताना सापडायची म्हणून हे नाव पडलं, आणि आता अठ्ठाविसाव्या वर्षी जुन्या इमारतींची डागडुजी करण्याचं काम करते, म्हणजे दिवसभर पुन्हा चुन्यातच हात. नियती वगैरे काही नाही, असं डॉक्टर म्हणत, पोरीला चव लागली एवढंच.

आल्या आल्या खडू दाराबाहेरच उभी राहिली आणि भिंतीवर तळवा ठेवला.

"आत्या, ही बघ. एक लांब वीट, एक आखूड, एक लांब, एक आखूड. आणि वरच्या थरात आखूड वीट बरोबर लांब विटेच्या मध्यावर. परवा एका साइटवर असं बांधायला सांगितलं, तर गवंडी म्हणाला, मॅडम, डोकं फिरतं."

"तुझ्या खापरपणजोबांचंही फिरलेलं होतं," काका म्हणाले. "स्वतःची वीटभट्टी, म्हणून तीनदा भिंत पाडून बांधली. ते पिवळसर पट्टे दिसतात ना, ते शोभेचे नव्हेत. लाल विटांची एक भट्टी फिकट निघाली. फेकवेना. मग म्हणाले, पट्टे काढा, लोकांना वाटेल मुद्दाम केलंय."

"आणि वारसा यादीत लिहिलंय, 'दुरंगी विटांचा विलक्षण कल्पक वापर'," बाई म्हणाल्या. "मी मुलांच्या निबंधांना याहून कमी थापांबद्दल शून्य दिलंय."

डॉक्टर मात्र थेट जिन्याखाली गेले होते. बोटाच्या पेरानं विटांवर ठोकत, कान लावून ऐकत.

"अहो डॉक्टर, तोंड उघडायला सांगा तिला," बाई म्हणाल्या.

"हसा. ही वीट पोकळ वाजतेय."

"ती मागच्या वर्षीही पोकळच वाजत होती," ताई म्हणाली.

भाऊ तिच्याकडे वळला. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशावर होता, आणि त्या खिशात लांब पाकीट आहे हे ताईच्या लक्षात आलं. संगीत विद्यालयाचं पत्र. त्या लोकांना चार वर्षांपासून ही वास्तू हवी होती, आणि दर वर्षी याच तारखेला डॉक्टर ते पत्र खिशात घालून येत आणि काडी आत गेली नाही की तसंच घेऊन जात.

"पाय कसा आहे?" त्यानं विचारलं.

"पाय पायाच्या जागी आहे."

"तायडे, चेष्टा नको. गेल्या वर्षी याच जिन्याखाली घोटा मोडून तू चार तास पडून होतीस. मला दवाखान्यात बसून कळलं ते दूधवाल्याकडून."

ते चार तास तिनं कसे काढले हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जिन्याच्या ओतीव लोखंडी कठड्यावरची पानं मोजली होती. दोनशे सोळा.

*

अकरा वाजता ऊन रंगीत काचेतून आत येतं आणि भेगेवर पडतं. काकांनी मफलर सारखा केला, घसा खाकरला.

"बावीस वर्षं, मंडळी, ही भिंत माझ्यापुढे हरलेली नाही," ते म्हणाले, "आणि मी तिच्यापुढे. डॉक्टर, मागे सरा. बाई, केकची सुरी खाली ठेवा, अपशकुन वाटतो."

"केक कापायलाच हातात घेतलीय."

"नंतर."

त्यांनी पेटी काढली, काडी काढली, ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. मग सोळाव्या थरापाशी वाकून भेगेला लावली.

काडी आत गेली.

एखाद्या खणात चमचा जावा तशी गेली, अर्ध्याच्या वर. काका वाकलेलेच राहिले. खाली ठेवलेली सुरी बशीवरून घसरली, तिचाच काय तो आवाज झाला.

"गेली," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

"बघू," डॉक्टर पुढे झाले. काडी बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा गेली. "गेली म्हणजे काय, चक्क फिरतेय आत! मी सांगत होतो, पोकळ वाजतेय!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांनी पाकीट काढून टेबलावर आपटलं. ते म्हणाले, बाबांचा शब्द म्हणजे शब्द, आता यात बसून विचार करण्यासारखं काही नाही, विद्यालयवाले घर जपतील, मुलं गातील, ताईनं आमच्याकडे यायचं, वरची खोली रिकामीच आहे. काका म्हणाले, माझा मोठा भाऊ जिवंत असता तर त्यानं दुसरी काडी मागितली असती. डॉक्टर म्हणाले, काडी बदलून निकाल बदलायला हा काय पोरखेळ आहे का. बाई नवऱ्याची बाजू घेतील असं सगळ्यांना वाटत होतं, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, वरची खोली रिकामी नाही. तिथं तुमच्या जुन्या खुर्च्या आहेत, दात काढायच्या. त्यांतल्या एकीवर ताईंना झोपवणार आहात का?"

"खुर्च्या हलवता येतील!"

"सहा वर्षं ऐकतेय."

खडू भिंतीपाशी बसून भेगेतून पडलेली भुकटी बोटांत चोळत होती. मग एकदम म्हणाली, "विद्यालयवाले जिन्याच्या भिंतीला प्लास्टर करतील. आवाज घुमतो म्हणून. मी त्यांचा नकाशा बघितलाय."

"वारसा यादीतलं घर आहे, परवानगी लागेल," मुलीपुढे डॉक्टर जरा मवाळ झाले.

"तुम्ही दाराची मूठ बदलायला चौदा महिने परवानगी मागत होता, बाबा. शेवटी मिळाली. त्यांनाही मिळेल." तिनं नाक पुसलं, आणि चुना नाकाला लागला. "हा चुना अजून जिवंत आहे. पाणी लागलं की थोडासा विरघळतो आणि बारीकसारीक चीर स्वतःच भरून काढतो. सिमेंट असतं ना, तर विटाच फुटल्या असत्या. शंभरावर वर्षं ही भिंत स्वतःची स्वतः दुखणी काढतेय, आणि आपण तिला एका काडीवरून..."

"तुला हवंय का हे घर?" बाईंनी विचारलं. मुख्याध्यापिकेच्या आवाजात.

"तसं कुठं म्हटलं मी? आत्याचं घर आहे. आत्या आहे तोवर मी कशाला मध्ये..."

तिनं वाक्य सोडून दिलं. सगळे ताईकडे बघायला लागले.

ताई कमानीखाली उभी होती. तिच्या मनात काय चाललं होतं हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सुटले, असं तिला वाटलं होतं. काडी आत गेली त्या क्षणी, पहिल्यांदा, स्पष्ट, सुटले. आता काही बोलावं लागणार नाही. भिंतच बोलली. संध्याकाळी फोन करायचा, खडूच्या पाठीवर हात ठेवायचा, सगळ्यांनी म्हणायचं, बिचारी ताई, किती जीव होता तिचा. फक्त गप्प राहायचं.

पण तिनं सकाळी सात वाजता मोजलं होतं. दोन पूर्णांक एक.

भेग तीच असेल आणि काडी आत गेली असेल, तर मग बदललं कोण?

काकांनी सवयीनं काडी भेगेतून उपटली आणि पेटीवर ओढायला हात उचलला. दर वर्षी ते तसंच करत. काम झालं की तीच काडी पेटवून केकवरची मेणबत्ती लावत.

"काका," ताई म्हणाली. "पेटवू नका."

"अगं, आता काय..."

"द्या ती इकडे."

तिनं काडी चिमटीत धरून फिरवली. चौतीस वर्षं तिच्या बोटांनी हेच काम केलं होतं.

"पेटी कुठली ही?"

"कुठली म्हणजे? काडेपेटी. तुझ्या बाबांच्या पेटीतली शेवटची काडी मागच्या वर्षी संपली. ही आज येताना कोपऱ्यावरून घेतली."

ताई जिना चढायला लागली. "कठडा धर!" खालून डॉक्टर ओरडले. ती कठडा धरून गेली, कठडा धरून आली. हातात काचेची छोटी नळी होती, बूच लावलेली, वर बारीक अक्षरांत चिठ्ठी.

"हे काय?"

"बाबांच्या पेटीतली काडी. अकरा वर्षांपूर्वी एक काढून ठेवली होती."

काकांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे एक काडी कमी भरली ती... मी वर्षभर म्हणतोय, माझा हिशेब चुकला की काय, म्हातारा झालो की काय! आणि तू चोर!"

"तपासणीसाठी राखून ठेवलेला नमुना," ताई म्हणाली. "काका, जगात कुठलंही प्रमाण असलं ना, तर ते काचेखाली ठेवतात, कुलपात ठेवतात, हातसुद्धा लावत नाहीत. दर वर्षी मोजून झालं की ते पेटवून टाकणारं आपलं एकच घराणं असेल."

तिनं दोन्ही काड्या बाईंच्या तळहातावर शेजारी ठेवल्या. गेजची गरजच नव्हती. जुनी काडी नव्या काडीची मोठी बहीण दिसत होती.

"हल्ली काड्यासुद्धा अंग चोरतात," बाई म्हणाल्या.

"लावा काका, ही."

काकांनी मफलर पुन्हा सारखा केला. जुनी काडी सोळाव्या थराशी धरली, दाबली. थोडी तिरकी करून दाबली. ती जाईना. काकांनी मागे वळून एवढ्या मोठ्यानं "काडी हरली!" म्हटलं की खिडकीची रंगीत काच थरथरली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हात पाकिटावर होता, पण आवाजात धार नव्हती. "एवढ्यानं भिंत हलत नाही असं सिद्ध होत नाही. ताईचं मन मोडावं म्हणून नाही म्हणत मी. पण काडी ती काडीच, पुरावा नव्हे."

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली, आणि भेगेच्या वरच्या टोकाशी टांगलेला, बाबांचा पितळी हवादाबमापक खिळ्यावरून उतरवला.

त्याच्या मागे भेगेवर आडवी एक काचपट्टी बसवलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली, बोटभर लांबीची. दोन्ही टोकं दोन बाजूंच्या विटांना घट्ट चिकटवलेली, कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख.

खडूनं श्वास घेतला. "साक्षीपट्टी! आत्या, ही तू लावलीस? कधी?"

"बाबा गेले त्या महिन्यात. भिंत केसभर हलली तरी काच तडकते."

खडूनं मोबाइलचा दिवा लावून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "अखंड आहे," ती म्हणाली. "बावीस वर्षं. बाबा, भिंत हललेली नाही. झाड तोडलं तेव्हा एकदा अंग मोडलं तिनं, त्यानंतर ती जागची हललेलीच नाही."

"आणि हे तुला माहीत होतं?" डॉक्टरांनी ताईला विचारलं. "दर वर्षी आम्ही जीव मुठीत धरून इथं उभे राहतो, आणि तुला आधीच माहीत असतं?"

"असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

पहिली दहा वर्षं ही काच तडकली तर काय, या धास्तीनं ती रोज मापक उचलून बघायची. मग कधीतरी ते रोजचं बघणं आठवड्यावर आलं. आणि गेली तीन वर्षं ती मापक उचलायची तेव्हा मनातल्या मनात म्हणायची, तडक एकदाची. हे तिला आत्ता, या सगळ्यांसमोर, आकड्याइतकं स्वच्छ दिसलं.

पण उत्तराची वाट कुणी पाहत नव्हतं. डॉक्टरांनी पाकीट खिशात घातलं होतं आणि ते, आश्चर्य म्हणजे, हसत होते. काका मेणबत्ती शोधत होते. बाईंनी सुरी उचलली होती.

"चला, आणखी एक वर्ष!" काका म्हणाले. "ताई आहे तोवर घराला मरण नाही. ती नळी मात्र दे माझ्याकडे. शपथ, पेटवणार नाही."

"तुमच्याकडे नको," बाई म्हणाल्या. "ताईंकडेच राहू दे. घर त्यांचं, काडी त्यांची."

"आत्याशिवाय हे जमणारच नाही कुणाला," खडू म्हणाली, आणि भिंतीवरचा तळवा तिनं हळूच काढून घेतला. हात काढताना ती क्षणभर थांबली. ताईनं ते बघितलं. आपण तळ्याकाठच्या त्या पांढऱ्या खोलीच्या खिडकीवरून चौथ्यांदा हात काढला तेव्हा असेच थांबलो होतो.

भेग भेगेच्या जागी होती. काडी काडीच्या जागी. आता लपायला काहीही उरलं नव्हतं.

"सुरी जरा ठेवता का, बाई," ताई म्हणाली.

बाईंनी ठेवली. ताईनं जुनी काडी नळीत सरकवली, बूच दाबलं आणि नळी खडूच्या चुन्यानं भरलेल्या तळहातावर ठेवली. वर कमरेचा किल्ल्यांचा जुडगाही ठेवला. तो जड होता, खडूचा हात खाली गेला.

"आत्या, हे काय?"

"खिडक्या सदतीस आहेत. स्वयंपाकघरातली तिसरी उघडताना डाव्या हातानं आधार द्यायचा, तिची दोरी जुनी आहे. आणि सिमेंट घेऊन कुणी दारात आला, तर मला फोन करायचा नाही, सरळ हाकलायचा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आकडे वाचून दाखवताना असायचा तसा. "हे घर कुठंही जात नाही, डॉक्टर. मी जाते आहे. तळ्याकाठी दोन खोल्या बघितल्यात, पुढच्या महिन्यापासून मी तिथं राहणार."